काटा थांबेपर्यंत

तुर्भे, मसाला मार्केट, पहाटेचे पावणेसहा.
ब्याडगीच्या पोत्याला पाठ टेकून मी डोळे मिटतो.
श्वास आत. श्वास बा…
शिंक.
मिरचीच्या गाळ्यात ध्यान म्हणजे असंच.

ढेबेमामा हसतात : "लागली का समाधी, कारकून?"
नाही लागली. तीन वर्षांत एकदाही नाही.
उधारी येते, घणसोलीच्या घराचा हप्ता येतो,
पाठोपाठ एक टेम्पो, रिव्हर्सची तीच ती धून वाजवत.
मी बसून राहतो. वीस मिनिटं.

मग शटर वर जातं.
काट्यावर पोतं आदळतं, आकडे थरथरतात :
एकेचाळीस दोनशे, एकेचाळीस नऊशे, चाळीस…
केनियाशेठ ओरडतात, "लिही ना, बघतोस काय!"

पूर्वी लिहायचो, डोळ्यांना दिसेल तो आकडा.
संध्याकाळी हिशेब जुळायचा नाही,
आणि घरी जाऊन मुलीच्या वहीवर खेकसायचो.

आता पेन उघडलेलं, हात अधांतरी,
मी बघत राहतो
आकडा दमेपर्यंत.

शेठचा राग पोचतो माझ्यापर्यंत,
पोचत नाही असं नाही.
फक्त जरा उशिरा.
तोवर वजन लिहून झालेलं असतं.