रंग गेल्यावर

टायटॅनियमची पट्टी, तळहाताएवढी.
आधी ऑक्झॅलिक ॲसिडात उकळायची तासभर,
तिचा गुळगुळीत ताठा उतरेपर्यंत.
मग कथलाचं द्रावण, त्यात अँटिमनी,
चिमूटभरच;
या डोंगरात मेंढीच्या दुधाला
काटेफुलाच्या केसरांचं विरजण लावतात, तेवढं.
ब्रशचा एक हात. भट्टी, पाचशे अंश.
पुन्हा हात. पुन्हा भट्टी.
अठरावा थर भाजून निघाला तेव्हा
कोविल्यांच्या उतारावरचे दिवे विझत आले होते
आणि माझ्या नखांत निळसर राख.

फिर्मीनु किल्ल्या वाजवत येतो. रात्रीचा राखणदार.
त्याआधी एकेचाळीस वर्षं रंगशाळेत, काळ्याच्या हौदावर.
विधवांचा काळा वेगळा, पाद्र्यांचा वेगळा,
डोळे मिटून वासावरून सांगायचो, म्हणतो.
तेव्हा ओढ्याकडे बघून गावाला कळायचं
यंदा लिस्बनच्या बायका कुठला कोट घालणार.

काचपात्रात उरलेल्या एकुलत्या गिरणीचं पाणी.
जंतूंनी या रंगापुढे कधीच हात टेकले,
वाळूच्या गाळणीतून तो तसाच हसत आला.
मी कळ दाबते.
बुडबुडे.
पट्टीच्या अंगावर, पाण्याच्याच पोटातून
काहीतरी निघतं आणि समोर येईल त्याला चावतं.
हायड्रॉक्सिल म्हणतात त्याला,
पण हाक मारेपर्यंत ते राहत नाही.

चाळीस मिनिटांत काळ्याचा तपकिरी,
तपकिरीचा फिका चहा,
मग काहीच नाही.
फिर्मीनुने टोपी काढली. "साफ?"

नाही, म्हटलं. रंग तेवढा गेला.
रंगाची हाडं आहेत अजून आत, मोडलेली,
दिसत नाहीत, मोजली की सापडतात.
आणि पाण्यात मीठ असलं तर
मोडतामोडता नवंच काही जन्मतं,
त्याचीही झडती घ्यावी लागते.

तो बराच वेळ पाण्यातून पलीकडची भिंत बघत राहिला.
"आमची गिरणी बंद झाली ना,
आठवड्याभरात ओढा असाच झाला.
पेपरात फोटो होता, तळाचे दगड दिसणारा.
आम्ही सगळे पुलावर उभे होतो त्या दिवशी.
फोटोत नाही आलो."

पहाटे व्होल्टेज चढायला लागलं.
पट्टीचा जीव सरत आला की आकडा
आधी रेंगाळतो, मग एकदम धावत सुटतो.
वहीत लिहिलं: चार पन्नास. तिसरी पट्टी गेली.
कार्बन शिल्लक, एकोणीस टक्के.
थराचे पापुद्रे तळाशी बसले होते,
भाजलेल्या कांद्याच्या सालीसारखे.

"आता किती हात देणार?"
बावीस, म्हटलं, आणि नवी पट्टी चिमट्यात धरली.
पहिला फटका मारते तोच
त्याने माझं मनगट अलगद थांबवलं.
त्याच्या नखांच्या मुळाशी अजून काळं होतं.
"असा नाही. उलटा मारतेस.
थेंब कडेला साचू द्यायचा नाही,
तिथूनच सुटतं सगळं."