सुपलीतला चुरा

सूरच्या जुन्या बंदरामागे, कोळ्यांच्या गल्लीत
आमचं चर्च. घंटा मी वाजवतो,
फरशीवर सांडलेलं मेण खरवडतो,
शनिवारी रात्री भाकर भाजतो, तिच्यावर लाकडी शिक्का उठवतो.
एकोणचाळीस वर्षं झाली.
माझा डावा गुडघा अजून दुखतो,
हे आधीच सांगितलेलं बरं.

वदहा आली ती केळीच्या बागांकडून,
जिथे ताडपत्र्यांखाली फुरातकाठची माणसं राहतात.
वेशीवर नगरपालिकेचा फलक आहे:
परक्यांनी संध्याकाळी सातनंतर रस्त्यावर दिसू नये.
ती सकाळी आली.
पाठीला बांधलेली पोर, सहा वर्षांची, मान कलंडलेली,
ओठांच्या कडेला वाळलेला फेस.

मी म्हटलं, बाई, दवाखाना तिकडं.
म्हणाली, तिथूनच आले.
मी म्हटलं, मशीद मागच्या गल्लीत.
म्हणाली, तिथंही बसून आले.
मी म्हटलं, भाकर संपली.
हे खोटं नव्हतं. टोपली रिकामी,
आणि माझ्या हातात केरसुणी.

ती सुपलीकडे बघत होती.
"एवढं चालेल."

एवढं म्हणजे काय?
आमच्या पोरांच्या हातून सांडलेले कण,
धूळ, मेणाचा पापुद्रा,
कुणाच्या तरी शालीचा लाल धागा.
आम्ही तो फेकत नाही, ऑलिव्हच्या बुंध्याशी पुरतो. तसा नियम आहे.
असल्या बाईला द्यावा असा नियम नाही.
देऊ नये असाही नाही.

तासापूर्वीच अबूनांनी वाचलं होतं
याच किनाऱ्यावरच्या एका परक्या बाईचं,
लेकीसाठी अपमान गिळून जी दारातून हलली नाही.
आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या.
दोन हजार वर्षांपूर्वीची बाई ऐकायला सोपी असते,
तिच्या चपलांचा चिखल आपल्या फरशीला लागत नाही.

मी सुपली पुढे केली.
दया वगैरे नाही,
गुडघा ठणकत होता आणि ती जात नव्हती.
तिनं बोटाचं टोक ओलं केलं,
धागा बाजूला काढला,
खडे निवडताना बायका बघतात तसं बघत
एकेक कण टिपून पोरीच्या जिभेवर ठेवला.

काही झालं नाही.
बाहेर कुणीतरी बोटीचं इंजिन ओढत होतं,
ते सुरू होत नव्हतं.

ईदनंतर वदहा पुन्हा आली.
नौफ तिच्या पुढे, पळत.
त्या दिवसापासून एकही झटका नाही, म्हणाली.
डॉक्टर म्हणतात, काहींचं वयाबरोबर थांबतं.
अबूना घसा खाकरतात.
मी म्हणतो, असेल.

फक्त रात्री पीठ मळताना हात मध्येच थांबतात.
माझ्या नजलानं पुढच्या रांगेत बसून
अकरा महिने मागणं मागितलं,
चुरा नव्हे, चांगला हातभर तुकडा घेऊन.
ऑक्टोबरात आम्ही तिला पुरलं.
घरच्या माणसाला नाही, आणि
पाहुणीलाही नव्हे, वाटेवरच्या बाईला—
हा हिशेब कुणाच्या वहीत मांडू?
नजला असती तर म्हणाली असती,
पोर खेळतेय ना, मग गप्प बस.

नौफ रविवारी दाराशी उभी राहते.
"आजोबा, आज खाली काही सांडलंय?"
ते औषध होतं, हे तिला कुणी सांगितलेलंच नाही.
तिला नुसती चव आवडते.

हल्ली भाकर कापताना माझा हात जरा ढिला पडतो.
अबूना बघतात, बोलत नाहीत.
केरसुणी कोपऱ्यातच राहते, बराच वेळ.