पिठाखालचं पत्र

अंगठी काढून आई मिठाच्या बरणीत टाकते,
मग जेवणाच्या टेबलावर पांढरी चादर अंथरते,
चादरीवर मैदा भुरभुरते.
फाव्होरिटनमधला तिसरा मजला. नोव्हेंबर.
खालच्या घरी कुणीतरी श्निट्झेलसाठी मांस बडवतंय,
जिनाभर ठोके.

कणकेचा गोळा कोमट पातेल्याखाली तासभर निजलेला.
"दमलेल्या पिठाशी भांडू नये," असं म्हणत
आई मुठी वळून त्याच्या पोटाखाली शिरते,
ऐंशी पार केलेल्या मुठींच्या पाठीवर त्याला झुलवते.
समोरची बाजू माझ्याकडे.
नखं कुरतडायची खोड होती, म्हणून लहानपणीच
हे काम मला मिळालं.
"कार्ट्याचा एवढाच उपयोग," वडील म्हणायचे.

तुटेपर्यंत ताणू नये, म्हणतात शहाणी माणसं.
आई म्हणते, तुटण्याच्या एक श्वास अलीकडे थांब.
आधी थांबलास तर ती नुसती पोळी.

आणि मग पत्र.
पिठाखाली सरकवायचं, अक्षरं लागली की झालं.
इतर घरांत वर्तमानपत्र चालतं,
आमच्याकडे हेच एक, घड्यांवर झिजलेलं,
मोरावियातून पणजीला आलेलं.
पणजी, अपोलेना, सोळाव्या वर्षी
पत्र्याची पेटी घेऊन या शहरात उतरली,
भाऊ विटांच्या भट्टीवर, ही एका वकिलाच्या चुलीपुढे.
तिचं जर्मन लंगडं. वकीलसाहेब हसायचे.
तिचे क्नेडल मात्र अस्खलित,
तेव्हा साहेब मान खाली घालून जेवायचे.

आजीनं शाळेत छड्या खाऊन ती भाषा टाकली,
आईपर्यंत ती आलीच नाही.
म्हणजे पीठ पातळ होतं, शाई लख्ख दिसते,
आणि वाचता कुणालाच येत नाही.
फक्त दुसऱ्या ओळीत, थोडं डावीकडे,
पोविडला.
तो आलुबुखाराचा काळा, आटवलेला मुरंबा,
ज्याच्या नावानं इथे अजूनही खांदे उडवतात,
मला काय त्याचं, मला सगळं पोविडल!
आणि खाली बुख्टी.
दोन शब्द. बाकी सगळा मजकूर
त्यांच्यामधलं पांढरं पीठ.

दारावर टकटक. समोरची गुलिझार, हातात रिकामी वाटी.
टेबल पाहून थबकली. "अहो, ही तर आमची युफ्का!
माझी आजी काठीएवढ्या लाटण्यानं लाटायची."
आईनं वर न बघता सांगितलं, "हात धू. तो कोपरा धर."

कुणी म्हणतं, हे पीठ वेढा घालणाऱ्या फौजेमागून आलं,
कुणी म्हणतं, हंगेरीतल्या चुलींवर मुक्काम करत, रमतगमत.
तोफा तटाबाहेर थोपवल्या असतील.
पीठ कुठल्या दारानं आत आलं, ते नोंदवायला
स्वयंपाकघरात कारकून नव्हता.

तीन जण टेबलाभोवती फिरतो आहोत, हळू,
झोपलेल्या मुलावर पांघरूण ओढावं तसे.
गुलिझार वाकून पत्र बघते.
"फोन धरला वरून, तर दोन सेकंदांत कळेल काय लिहिलंय."
आई जरा थांबते.
"आणि कळल्यावर? मग पिठाखाली काय ठेवू?"

सफरचंदं, मनुका, लोण्यात परतलेला पावाचा चुरा.
गुलिझार म्हणाली, थोडा पिस्ता?
आईनं छातीवर क्रूस काढला.
भट्टी उघडली तेव्हा म्हणाली, पुढच्या वेळी. चिमूटभर.

पत्राला आज लोण्याचा आणखी एक डाग.
तिथे कागद आरपार झालाय,
मागच्या पानावरचा एक शब्द पुढे आलाय, उलटा.

आता अंधार पडलाय, आणि आई ओटा चाचपतेय.
मिठाची बरणी अर्धी.
वाटी भरून मीठ मीच दिलं गुलिझारला,
त्यासाठीच तर ती आली होती.
भिंतीपलीकडे पळीचा आवाज,
सूप ढवळलं जातंय,
मग काहीतरी टणकन वाजतं,
आणि ती मोठ्यानं हसते.