मामाजींची पेटी

दोन वीत लांब. वैनगंगेवर फुटलेल्या डोंग्याच्या तळातून
झनकलालनं कापून दिली.
झाकण उलटलं की पाट होतो,
कडेला पितळी चिमटा, गरी धरून ठेवणारा.
पावसाळी हवेत अजून शेवाळाचा वास येतो तिला.

बोडीच्या पाळीवर मामाजी मांडी घालतात
आणि माशा बांधतात.
माशीनं मासा, म्हणतात, आणि स्वतःच हसतात.
खणात कोंबड्याच्या मानेची पिसं, मेणाचा गोळा,
माझ्या शालूची जर, न विचारता उपसलेली,
खारीच्या शेपटीचे केस
(ते कुठून आणले, मी विचारत नाही).

एक खण कायम रिकामा.
"मासा काय काय खाते,
सारं आपल्याले मालूम हाये का वो बाई?"

काल गाठ मारायची तेवढी राहिली होती.
एक चतुर आला, खरा, लाल,
चिमट्यातल्या माशीवर येऊन बसला.
मामाजींनी दोरा दातांत धरला तो धरलाच.
पापणीसुद्धा नाही.
पलीकडे म्हशी पाण्यात उतरल्या, निघाल्या.

मग तो उडाला.
गरी पाण्यात टाकलीच नाही त्यांनी.
परतताना पेटी माझ्याकडे दिली पहिल्यांदा,
म्हणाले, सरळ धर,
आतलं हलते.