तिसऱ्या खांबावरच्या रेघा

कुडचड्याहून सावर्ड्याला जायला
रस्त्याचा पूल होता, होडी होती,
पण पदेर जुझिन रेल्वेच्या पुलावरूनच यायचा.
डोक्यावर पावांची टोपली, एका पावलाला एक स्लीपर,
दोन स्लीपरांमधून खाली नदी.
गाडीची वेळ त्याला ठाऊक होती.
गाडीला ती ठाऊक नसावी.

पूल कोणी ओतला ते गर्डरवर होतं:
कुठल्याशा इंग्रज कंपनीची उठावाची अक्षरं,
रंगाच्या इतक्या थरांखाली
की नुसती बोटांनाच वाचता यायची.
राज्य पोर्तुगालचं, लोखंड दर्यापारचं,
चिरा तेवढा इथला.
खांबांच्या पायात उतरले ते कुठले,
ते बोटांनाही सापडलं नाही.

माझा बाप चावीवाला.
पहाटे हातोडा घेऊन या टोकाचा त्या टोकाला,
सैल चावी आवाजावरून ओळखायचा.
"घट्ट लोखंड टण् म्हणतं," सांगायचा, "सैल खोकतं."
पूर ओसरला की होडीतून तिसऱ्या खांबाशी जायचा,
चिखलाच्या खुणेवर लाल रेघ, शेजारी साल.
त्याच्या आधी हे काम कायतानचं.
कायतानचे आकडे वळणदार,
सातच्या पोटात आडवी काडी.

मधे सहा-सात वर्षं एकही रेघ नाही.
सरहद्द बंद. घाटावरून गाडी येईना,
रुळांत लाजरी पसरली.
कायतान तरीही रोज चाव्या ठोकत गेला म्हणे.
पूर आले असतीलच,
पण लाल रंगाचा डबा हुबळीहून यायचा.

मग खाणी. पावसात नदीच तांबडी,
खांब कमरेपर्यंत तांबडा,
लाल रेघ त्यावर दिसेचना.
बापाने पांढरा रंग मागितला.
साहेबाने कारण लेखी विचारलं.
बापाने लिहून दिलं: "नदीचा रंग बदलला आहे."
तो कागद कुठल्या फायलीत गेला, देव जाणे.

रूळ रुंद झाले तेव्हा शेजारी नवा पूल आला.
जुने गर्डर वजनावर गेले, अक्षरांसकट.
निवृत्त बाप हातोडा घेऊन बघायला गेला.
चाव्या नव्हत्याच, स्प्रिंगसारख्या क्लिपा होत्या.
एकदा ठोकून पाहिलं.
"काय म्हणतो?" मी विचारलं.
"बोलत नाही अजून."

जुना तिसरा खांब तेवढा ठेवलाय,
पाडायचा खर्च परवडत नाही म्हणून.
डोक्यावर पिंपळ, त्यात पाणकावळा.

परवा पूर उतरल्यावर शाबाच्या होडीतून गेले.
चिखल सगळ्यात वरच्या रेघेच्याही वर, हातभर.
डबा घरीच विसरलेला.
नखानेच खरवडत होते, तेवढ्यात
नव्या पुलावरून कोळशाची गाडी सुरू झाली,
संपेचना.
या खांबावर आता एका पिंपळाचं ओझं,
तरी तो माझ्या तळव्याखाली
शेवटचा डबा जाईपर्यंत थरथरत राहिला.

साल घालायचं राहिलं.
शाबा म्हणाला, चल, भरती लागली.