खाट चौदा

पिशवीवर चिकटपट्टी, तिच्यावर बॉलपेनाने
माझी वेळ : स. ९.४०.
मुलगी ९.५२ची.
म्हणजे आधी नळी, मग ती.

कमरेखालचं अजून माझं नव्हतं.
खाटेच्या दांडीला लटकत होतं तेवढंच माझं,
फिकट पिवळं, थेंबाथेंबाने वाढणारं.
शिवडीहून माणसं बाळ बघायला यायची
आणि मी चादरीचं टोक पिशवीवर ओढायचे.

मोठ्या डॉक्टरांचा नियम चोवीस तासांचा.
नव्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सहा तासांनी काढा,
चालती होऊ दे, जंतू कशाला पोसायचे?
दोघांच्या मधे लुर्डीन सिस्टर, हातमोजे घालून :
तुमचं ठरेस्तोवर हिची पोर बालवाडीत जाईल.

चार वाजता तिने सिरिंजने फुग्यातलं पाणी ओढलं.
माझ्या आत एक फुगा होता
हे मला तेव्हा कळलं.
श्वास सोड, म्हणाली.
सोडला.
काहीतरी जळजळत निसटलं.

आता दहापर्यंत आपली आपण झाली पाहिजे,
नाहीतर परत कॅथेटर.

पाणी प्यायले. जिऱ्याचं प्यायले. नुसतं गरम प्यायले.
शेजारच्या रुखसारने विचारलं, झाली?
समोरच्या खाटेवरच्या बाईच्या आईने, झाली?
फरशी पुसता पुसता मालनने.
गोदीतली पाळी संपवून आलेला नवरा
दारातूनच, नुसत्या भुवया उचलून.
लग्नाला सात वर्षं झाली,
हा प्रश्न आमच्यात कधी आला नव्हता.

साडेआठला उठले. टाक्यांवर तळहात.
एकवीस फरशा.
मालनने बादलीत नळाची बारीक धार सोडली,
दार लोटलं, आणि बाहेर उभी राहिली
पहारेकऱ्यासारखी.

बसले. धार ऐकत राहिले.
तिची होत होती, माझी नाही.
मग नळ खोकला, हवा सोडली, थांबला.
पालिकेची वेळ संपली.
बाहेरून मालन : पाणी गेलं वाटतं गं.
मी म्हटलं, थांब,
येतंय.

सिस्टरने वहीत लिहिलं, एकाच ओळीत :
खाट १४. बाळ, लघवी दु. १.२०. आई, रा. ८.५०.
म्हणजे या बाबतीत मुलगी माझ्याहून
साडेसात तासांनी मोठी.

रुखसार मोठ्या डॉक्टरांची.
तिची पिशवी अजून दांडीलाच होती.
मला वाकवत नव्हतं. मालनला म्हटलं,
तिच्या चादरीचं टोक
जरा खाली ओढ.