यमुना बा. म्हात्रे

रात्री दोन चाळीसला पिशवी परत आली.
गेली तेव्हा भरलेली, आली तेव्हाही जवळजवळ भरलेलीच;
शिजी सिस्टरने तीस मिलिलिटरलाच चिमटा आवळला होता.
सोबत दोन नळ्या, लघवीची बाटली,
आणि फॉर्मवर घाईघाईत: थंडी, कापरं, कंबर दुखते.
त्याखाली, जिथे लिहायला रकाना नसतो तिथे, कडेला तिरपं:
पेशंट म्हणते, काहीतरी वाईट होतंय.

लघवी कोकमाच्या आगळासारखी.

खोत मॅडमनी शिकवलं होतं,
रिअ‍ॅक्शन आली की रक्ताकडे मागाहून बघ,
आधी शाई बघ.
मी शाई बघितली.
पिशवीवर यमुना बा. म्हात्रे, खाट चौदा.
कालच्या नळीवर यमुना बा. म्हात्रे, खाट चौदा.
रजिस्टरात माझ्याच अक्षरात यमुना बा. म्हात्रे,
पुढे बी पॉझिटिव्ह, पुढे जुळले, पुढे माझी सही.
सगळं एकमेकांशी जुळत होतं
पढवलेल्या साक्षीदारांसारखं.

सेंट्रिफ्यूज घुमत राहिलं.
बाहेर ठाणे-बेलापूर रस्त्यावर टँकर,
बंद खिडकीतूनही रबाळ्याकडचा तो गोडसर वास.
झाकण उघडलं.
कालची नळी: वर गव्हाळ पाणी.
आत्ताची नळी: वर गुलाबी.
हा रंग आमच्याकडे कुणालाच आवडत नाही.

टाइलवर थेंब मांडले, निळा, पिवळा, बिनरंगी.
कालची यमुना पिवळ्यात लगेच फाटली,
नासलेल्या दुधासारखी.
आत्ताची यमुना निळ्यात सलग, पिवळ्यातही सलग.
फक्त भिंगाखाली डोळा लावला तर
पिवळ्यात चार-दोन कण, रव्याचे.
रात्री दार वाजवलेले पाहुणे,
घरच्यांनी ओळखलं नाही.

ओ.
ही बाई ओ आहे.
मग काल बी कोण होतं?

पान न उलटताच सापडलं. दोन ओळी खाली,
यमुना बा. म्हात्रे, खाट पंधरा, ओ पॉझिटिव्ह.
एक गोठिवलीची, नवरा बाळकृष्ण.
एक घणसोलीची, नवरा बाळाराम.
या पट्ट्यात म्हात्रे म्हणून हाक मारली
तर अर्धा वॉर्ड उठून बसतो.
दोन खाटा, मध्ये एक ट्रे,
नळ्या आधी भरलेल्या, नावं नंतर,
बाहेर टेबलावर, चहा निवत असताना.

मी फोन उचलला.
पंधराची पिशवी लावू नका.
आत्ता लावणारच होते, शिजी म्हणाली.
लावू नकोस. दोघींचे पट्टे वाच. मोठ्याने. नवऱ्याच्या नावासकट.
ती वाचू लागली, मल्याळी वळणाने,
बाळकृष्णाचा ळ तेवढा अगदी स्वच्छ.

खरं तर पंधराला ओ चाललं असतं.
पण चाललं असतं, यालाही रकाना नसतो.

चौकशीत निघालं, लॅबची चूक नाही.
मी बरोबरच तपासलं होतं,
दुसऱ्याच बाईला.
हे वाक्य मी आईला सांगून बघितलं,
ती म्हणाली, म्हणजे चूक नाहीच ना?
मी भात कालवत राहिले.

नवव्या दिवशी गोठिवलीची यमुना चालत खाली आली.
हातावर सलाईनचे निळे डाग, केसांत अबोली.
माझं नाव तिला कुणी सांगितलं कोण जाणे.
तिने आधी विचारलं,
ते दुसरे यमुनेला काय झाला नाय ना गो बाय?
नाही, म्हटलं. काहीच नाही.
मग काचेतून आत, फ्रिजकडे बघत राहिली,
ओळीने ठेवलेल्या पिशव्यांकडे.
यांना नावा नसतान का?
नसतात. नुसते आकडे.

बरा हाय, ती म्हणाली.